कागद कमी करा, संरक्षण नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



उद्योगांवरील सरकारी जाच कमी करा, ही मागणी कानी आली की आपल्यापैकी अनेकांना ती भांडवलदारांची ओरड वाटते. ती सर्वस्वी तशी नाही. मोठ्या कंपनीच्या पदरी वकील असतात, हिशेबनीस असतात; वीस फॉर्म भरणे तिला जड जात नाही. चार कामगार ठेवणारा लेथवाला मात्र एकच माहिती निरनिराळ्या खात्यांना निरनिराळ्या नमुन्यांत पुरवताना मेटाकुटीला येतो आणि अखेर हप्ता देऊन मोकळा होतो. कायद्याचे पालन राहते बाजूला, पोसली जाते ती लाचलुचपत. अशा कागदबाजीचे समर्थन करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

परंतु कागद वेगळा आणि संरक्षण वेगळे, हा विवेक सुटता कामा नये. १९८८ साली संसदेने १९ पर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांना अनेक विवरणपत्रे व नोंदवह्या यांतून सूट देणारा कायदा केला. त्या कायद्यानेही वेतनचिठ्ठी देण्याचे आणि कारखान्यातील अपघाताची खबर कळविण्याचे बंधन कायम ठेवले होते. २०१४ साली ही मर्यादा ४० कामगारांपर्यंत वाढविण्यात आली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. कायदे एकत्र करण्यास तत्त्वतः हरकत नाही. पण त्यासोबत काय घडले ते पाहा. १९४८ च्या कायद्यानुसार विजेवर चालणारी जागा १० कामगारांपासून कारखाना ठरत असे. आता त्यासाठी २० कामगार लागतात. विजेवाचून चालणाऱ्या जागेची मर्यादा २० वरून ४० वर गेली. याला सुलभीकरण कसे म्हणावे? कारखान्यांसाठीच्या खास सुरक्षा तरतुदींतून येथे माणसेच वगळली गेली आहेत.

निरीक्षकाच्या पदनामाला आता ‘सुविधाकर्ता’ ही जोड मिळाली आहे. पूर्वसूचनेवाचून कामाच्या जागी जाण्याचा निरीक्षकाचा अधिकार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८१ व्या कराराने मान्य केला असून, भारताने तो करार १९४९ सालीच स्वीकारला आहे. निरीक्षक हप्तेखोर असेल तर त्याला शासन करावे. तपासणीच दुबळी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. एकच नोंदणी, वर्षातून एकच विवरणपत्र, आणि एका खात्याजवळ असलेली माहिती दुसऱ्याने पुन्हा मागू नये. मात्र हजेरीपट, वेतनचिठ्ठी, अपघाताची नोंद व अचानक तपासणी यांना हात लागता कामा नये. यंत्रात हात गमावलेल्या कामगाराला, आपण तेथे कामावर होतो हे सिद्ध करण्यासाठी पुष्कळदा हजेरीपटावरील नावाचाच आधार असतो.

आपल्या भागातील लघुउद्योजकांशी आणि त्यांच्या कामगारांशी बोला. प्रत्येक कागदाविषयी एकच विचारा: हा नसला तर नुकसान कोणाचे? केवळ कारकुनाचे असेल तर तो रद्द व्हावा, यासाठी मालकाबरोबर उभे राहा. कामगाराचे असेल तर त्या कागदासाठी झगडावे लागेल.