शहराचा छाप



प्राचीन ग्रीक नाणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतं अथेन्सचं घुबड असलेलं चांदीचं नाणं. मला आज बोलायचं आहे ते ब्राँझच्या नाण्यांबद्दल, बाजारातल्या मोडीबद्दल. रोमची सत्ता वाढत गेली तशी बहुतेक ग्रीक शहरांची चांदी पाडणं थांबलं. हाती राहिलं ते ब्राँझ, आणि या शहरांनी ते मोठ्या निष्ठेने जपलं.

इ. स. पूर्व 133 मध्ये पर्गामॉनचा राजा अ‍ॅटलस तिसरा वारला. मृत्युपत्राने त्याने राज्य रोमच्या हवाली केलं. पुढच्या धामधुमीच्या काळात डार्डानेल्सच्या काठावरच्या सेस्तोस शहराने मेनास या नागरिकाच्या गौरवासाठी एक शिलालेख कोरवला. नाणेशास्त्रात याला मी फार वरचं स्थान देतो, कारण नाणी का पाडली हे शहराने स्वतः सांगितल्याचा असा पुरावा विरळाच. नागरिकांच्या सभेने स्वतःचं ब्राँझचं नाणं वापरायचं ठरवलं. हेतू दोन होते. शहराचा छाप चलनात राहावा, आणि त्यातून होणारा नफा लोकांना मिळावा. हे जोखमीचं काम मेनास आणि त्याच्या एका सहकाऱ्यावर सोपवलं, आणि त्यांनी ते चोख केलं. अभिमान आणि मिळकत, दोन्ही एकाच वाक्यात! मला हा प्रांजळपणा फार आवडतो.

नफा कसा, तर ब्राँझच्या नाण्याची किंमत त्यातल्या धातूपेक्षा जास्त धरलेली असे. शिवाय सराफीचा बट्टा. पर्गामॉनच्या इ. स. दुसऱ्या शतकातल्या एका लेखात हिशेब स्पष्ट आहे: दुकानदारांनी चांदीच्या रोमन दिनारियससाठी 18 असारिया, म्हणजे ब्राँझची नाणी, मोजायची, दिनारियस मोडणाऱ्याला मात्र 17 मिळायची. सराफ त्याहून जास्त उकळू लागले, मासळी विकणारेही त्यात भरडले गेले, आणि तक्रार थेट सम्राटापर्यंत पोचली.

नाण्यावर चेहरा कोणाचा? बहुतेक शहरांनी एका बाजूला सम्राट घेतला आणि दुसरी बाजू आपल्या देवतेला दिली. एलिस शहराने सम्राट हेड्रियनच्या काळात ऑलिंपियाचा झ्यूस कोरला. शिल्पकार फिडियसची ती मूर्ती आज नाही. तिची बैठक कशी होती हे कळायला ही नाणी फार मोलाची ठरतात. अथेन्सने मात्र सम्राटाचा चेहरा कधीच घेतला नाही, अथीनाच ठेवली. खिऑस बेटानेही आपला स्फिंक्स सोडला नाही; वर ‘तीन असारिया’ अशी किंमतही नाण्यावर लिहिली.

तिसऱ्या शतकात रोमच्या चांदीच्या नाण्यात चांदी नावापुरती उरली. भाव भडकले. शहरांनी जुन्या ब्राँझवर नवे आकडे ठोकून किंमत वाढवून पाहिली, पण ब्राँझ पाडणंच परवडेना. एकेक टांकसाळ बंद पडत गेली. आशिया मायनरमधल्या पर्गे शहराने सम्राट टॅसिटसच्या कारकिर्दीत, 275-76 च्या सुमारास, शेवटची नाणी पाडली.