त्यांच्या उंचीवर बसून



व्हिएतनाम म्हटले की वडीलधाऱ्यांना युद्ध आठवते. १९७२ साली नापाम बॉम्बने भाजून आक्रोश करीत धावणाऱ्या मुलीचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. ते युद्ध १९७५ मध्ये संपले. परंतु त्या देशाला सुमारे ३,२६० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे आणि त्यावर लाखो माणसे मासळीवर पोट भरतात, इकडे आपले लक्ष गेले आहे काय?

मी तिथे गेलेलो नाही. दक्षिणेकडील मुई ने या मच्छीमार गावाची छायाचित्रे मात्र मी पुष्कळ पाहिली आहेत. रात्री दिवे लावून मासेमारीस गेलेल्या होड्या पहाटे परततात आणि खोल पाण्यात नांगर टाकतात. तिथून माल किनाऱ्यावर आणतात त्या टोपलीसारख्या गोल होड्या, म्हणजे 'थुंग चाय'. बांबूच्या पट्ट्या विणायच्या आणि शेण व झाडाचा चीक लावून फटी बुजवायच्या, ही त्यांची जुनी रीत. आता काही प्लास्टिकच्याही असतात. वाळूवर निमुळत्या टोप्या घातलेल्या स्त्रिया मासळी निवडतात, भाव ठरवतात. त्या भागात बारीक मासळी मिठात घालून पिंपांत सुमारे वर्षभर मुरवतात. तिचा जो रस निघतो तो 'नुओक माम'. तिथल्या रोजच्या जेवणात तो लागतोच.

या छायाचित्रांत मला दोन प्रकार दिसले. काहींनी उभ्यानेच, वरून चित्र घेतले आहे. त्यात मासळी निवडणारी बाई लहान, बिचारी दिसते. काही जण तिच्याजवळ वाळूत बसले असावेत. त्यांच्या चित्रात तिचे चपळ हात दिसतात, व्यवहारातली हुशारी दिसते. बाई तीच, काम तेच, फरक पाहणाऱ्याचा.

ही चित्रे मी नववीच्या वर्गात दाखवली. जाळे शिवणाऱ्या म्हाताऱ्याचे चित्र आले तेव्हा मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा म्हणाला, "सर, गाठ आवळताना दोऱ्याने बोट चिरते." त्याचे वडील मच्छीमार बोटीवर खलाशी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. वडिलांचा व्यवसाय म्हणून त्याने फॉर्मवर नुसते 'धंदा' लिहिले होते. त्याला ते लपवावेसे वाटले, यात माझाही दोष होता. वर्षभर मीही त्याला उभ्यानेच पाहत होतो.

विद्यार्थी मित्रहो, आज घरोघरी फोनमध्ये कॅमेरा आहे. या सुटीत आपल्या आईचे, वडिलांचे काम करतानाचे एक चित्र घ्या. आधी विचारा. मग त्यांच्याजवळ बसा. हातातल्या वस्तूचे नाव विचारून वहीत लिहा, आणि चित्र प्रथम त्यांनाच दाखवा. पालकहो, आपणही संकोच करू नका. फॉर्मवर आपला खरा व्यवसाय लिहू द्या.