‘घटना’ म्हटलेले युद्ध

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. आज ज्या लढाईविषयी बोलायचे आहे, तिच्याकडेही मी एका शब्दामुळेच वळलो.

१९३९ साली मे ते सप्टेंबर या चार महिन्यांत मंगोलिया आणि मांचुरिया यांच्या सीमेवर सोव्हिएत आणि जपानी सैन्यांत तुंबळ युद्ध झाले. शेकडो रणगाडे आणि शेकडो विमाने त्यात उतरली, हजारो माणसे मेली. रशियन आणि मंगोल लोक या युद्धाला तिथल्या नदीच्या नावाने ओळखतात : खालखिन गोल. मंगोल भाषेत गोल म्हणजे नदी. जपानमध्ये मात्र त्याचे नाव पडले ‘नोमोनहान जिकेन’. जिकेन म्हणजे घटना, प्रकरण. एका अख्ख्या डिव्हिजनचा चुराडा झाला आणि दप्तरी नोंद झाली, ‘घटना’!

ही जागा कशी आहे? नदीच्या पूर्वेला वाळूचे उंचवटे आणि नजर पोहोचेल तिथवर गवत. उन्हाळ्यात दिवसा ऊन भाजून काढते आणि डास जीव नकोसा करतात. इथे ना खाण होती, ना शहर, ना रेल्वे. १७३४ मध्ये चीनच्या छिंग बादशाहीने इथे एक रेघ ठरवली होती, तीही दोन देशांमधली नव्हे. एका बाजूला खालखा मंगोल, दुसऱ्या बाजूला बार्गा मंगोल, त्यांच्या कुरणांची ती वाटणी होती. अशा हद्दीच्या खुणा म्हणजे दगडांच्या राशी. मंगोल लोक त्यांना ओबो म्हणतात आणि पवित्र मानतात. नोमोनहान हे नावही मूळचे ‘नोमोन खान’, म्हणजे धर्मराजा. धर्मराजाच्या नावाच्या जागेवर कुरुक्षेत्र व्हावे, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

त्या कुरणाची सीमा झाली ती विसाव्या शतकात. १९३१ मध्ये जपानच्या क्वांतुंग सेनेने मांचुरिया गिळला आणि पुढच्याच वर्षी तिथे मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे केले. पलीकडचा मंगोलिया सोव्हिएत रशियाच्या पंखाखाली होता. १९३६ मध्ये दोघांनी परस्परांच्या संरक्षणाचा करारही केला. आता जपानी म्हणू लागले, आमची हद्द नदीपर्यंत. मंगोल म्हणाले, नाही, नदीच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरपर्यंत जमीन आमची आहे. भांडण होते ते एवढ्याच पट्टीचे. पण सुईच्या अग्रावर मावेल एवढीही माती सोडणार नाही असे एकदा ठरले, की पट्टी किती रुंद आहे याला अर्थ उरत नाही.

एप्रिल १९३९ मध्ये क्वांतुंग सेनेने आपल्या तुकड्यांना एक आदेश पाठवला. त्याचा मसुदा मसानोबु त्सुजी नावाच्या एका मेजरने तयार केला होता आणि सेनापती केनकिची उएदा यांनी तो जारी केला. त्यातले एक कलम मला फार महत्त्वाचे वाटते. त्याचा आशय असा, की जिथे सीमा स्पष्ट नाही, तिथे स्थानिक सेनाधिकाऱ्याने ती स्वतः ठरवावी. जरा विचार करा. जो प्रश्न दोन सरकारांनी नकाशे समोर ठेवून सोडवायचा, तो बंदूक हातात असलेल्या माणसावर सोपवला गेला.

पुढचे घडायला महिनाही लागला नाही. ११ मे रोजी मंगोल घोडेस्वारांची एक लहान तुकडी घोडे चारायला नदी ओलांडून त्या पट्टीत आली. मांचुकुओच्या घोडेस्वारांनी त्यांना हुसकावले. दोन दिवसांनी मंगोल परत आले. मग जपानी आले, मग रशियन आले. मे संपत असताना लेफ्टनंट कर्नल अझुमा यांची तुकडी वेढली गेली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. २७ जूनला क्वांतुंग सेनेने टोकियोची परवानगी न घेताच मंगोलियातल्या तामसाग बुलाग विमानतळावर बॉम्बहल्ला केला. जुलैच्या आरंभी जपानी सैन्य नदीपलीकडे उतरले, तेव्हा सोव्हिएत सेनापती जॉर्जी झुकोव्ह यांनी पायदळाची वाट न पाहता रणगाडे त्यांच्या अंगावर घातले. जपानी शिपाई पेट्रोलने भरलेल्या बाटल्या घेऊन त्या रणगाड्यांना सामोरे गेले. कित्येक रणगाडे पेटले, पण जपान्यांना नदीमागे परतावेच लागले.

जपानी अधिकाऱ्यांचा हिशेब असा होता, की रशियनांचे रेल्वेस्थानक साडेसहाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, तेव्हा ते इथे मोठे सैन्य पोसूच शकणार नाहीत. झुकोव्ह यांनी हजारो मालमोटारी त्या ओसाड वाटेवर सतत धावत्या ठेवल्या. दारूगोळा, इंधन, अन्न, सगळे चाकांवरून आले. दुसरीकडे त्यांनी देखावा केला बचावाच्या तयारीचा. ध्वनिक्षेपकांवरून खांब ठोकल्याचे आणि इंजिनांचे आवाज ऐकवले. बचाव कसा करावा याच्या पुस्तिका शिपायांत वाटल्या. आवाजाची सवय झालेल्या शत्रूला खऱ्या रणगाड्यांची घरघर वेगळी ऐकू येईनाशी झाली.

२० ऑगस्ट १९३९, रविवार. पहाटे विमाने आणि तोफा एकदम बरसू लागल्या. पन्नास हजारांहून अधिक सैन्य आणि सुमारे पाचशे रणगाडे दोन्ही बगलांनी पुढे सरकले. पाच-सहा दिवसांत वेढा आवळला गेला आणि ऑगस्टअखेर जपानची २३वी डिव्हिजन मोडून पडली. नेमक्या त्याच आठवड्यात, २३ ऑगस्टला, मॉस्कोत हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी अनाक्रमणाचा करार केला. जर्मनीच्या भरवशावर असलेल्या जपानला हा दुसरा तडाखा. तिथले हिरानुमा मंत्रिमंडळ त्यात कोसळले. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि जगाचे डोळे युरोपकडे वळले. १५ सप्टेंबरला मॉस्कोत मोलोतोव्ह आणि जपानी राजदूत तोगो यांनी शस्त्रसंधी केली. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

जपानने आपले मृत सांगितले ८,४४० आणि जखमी ८,७६६. सोव्हिएत बाजूचे मृत आणि बेपत्ता ९,७०३ होते, पण हा आकडा उजेडात यायला सोव्हिएत राज्य लयाला जावे लागले. तोवर कितीतरी कमी संख्या सांगितली जात होती. म्हणजे विजेत्यालाही आपली प्रेते पूर्ण मोजायची नव्हती.

आणि इथे मी त्या ‘घटना’ शब्दाकडे परत येतो. घटना म्हटले की पराभव म्हणावा लागत नाही. पराभव म्हटले नाही की त्यापासून शिकावे लागत नाही. फुई टेकडीवर लेफ्टनंट कर्नल इओकी आपल्या माणसांसह दिवसेंदिवस झुंजले. दाणापाणी तुटल्यावर त्यांनी उरलेल्यांना घेऊन माघार घेतली. हुकमाविना माघार घेतली म्हणून त्यांना आत्महत्या करायला भाग पाडले गेले. कैदेतून परत आलेल्या अधिकाऱ्यांच्या हातीही पिस्तुले दिली गेली. सेनापती उएदा यांना घरी पाठवले. लढाईचा अभ्यास करायला समिती नेमली गेली, तिने तोफा आणि रणगाडे वाढवा असेही सांगितले. पण मनोबल शस्त्रांवर मात करते हा समज तसाच राहिला. ज्याने तो आदेश लिहिला, त्या त्सुजीची मात्र फक्त बदली झाली. दोन वर्षांनी मलायाच्या मोहिमेची आखणी करणाऱ्यांत तो अग्रभागी होता. १९५२ मध्ये तो जपानच्या संसदेतही निवडून आला.

जिंकलेल्यांचेही भले झाले असे नाही. झुकोव्ह पुढे मोठे झाले. पण त्या आघाडीचे प्रमुख ग्रिगोरी श्तेर्न आणि हवाई दलाचे नेतृत्व करणारे याकोव्ह स्मुश्केविच यांना स्टालिनच्या पोलिसांनी १९४१ मध्ये पकडले आणि २८ ऑक्टोबरला, एकाच दिवशी, खटल्याचा देखावाही न करता गोळ्या घातल्या. त्या वेळी जर्मन सैन्य मॉस्कोच्या दिशेने येत होते.

एप्रिल १९४१ मध्ये जपान आणि रशिया यांनी तटस्थतेचा करार केला. उत्तरेला हात पोळल्याची आठवण, चीनमध्ये अडकलेले सैन्य, तेलाची टंचाई अशी अनेक कारणे जमत गेली आणि जपान दक्षिणेकडे वळला. मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेश घेत त्याचे सैन्य आपल्या दारात आले. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ज्यांनी त्याला काही दिवस रोखून धरले, त्यांत मराठा पलटणीचे शिपाईही होते. खालखिन गोल हे नाव त्यांच्यापैकी कितीजणांच्या कानावर गेले असेल? त्या डोंगरातही जपानी शिपायांना पुरेशा रसदेशिवाय, मनोबलाच्या जोरावर लढायला पाठवले होते. ते उपासमारीने आणि रोगाने हजारोंनी मेले. पाच वर्षांपूर्वीचा धडा कपाटात बंद राहिला, त्याची किंमत त्यांनी मोजली.

ते कुरण आजही तिथे आहे. वादातली बहुतेक पट्टी मंगोलियाकडेच राहिली, आणि १९६२ मध्ये चीन व मंगोलिया यांनी वाटाघाटी करून, टेबलाशी बसून आपली सीमा ठरवली. हे काम माणसांना जमते, हे त्यावरून दिसते. म्हणून मला वाटते, कुठल्याही सीमेवरून ‘किरकोळ घटना’ घडल्याची बातमी आली, की आपण नागरिकांनी दोन प्रश्न विचारावेत. ही रेघ ठरवण्याचा अधिकार कुणाला दिला होता? आणि त्या घटनेत मेलेल्यांची नीट मोजदाद झाली आहे का?