हवाई शिपाई

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य लेथपुढे उभे राहण्यात गेले. म्हणून आज एका कारागिराचीच जीवनकथा आपणांपुढे मांडतो. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, आपल्या प्रांताचाही नव्हता; परंतु हत्याराशी इमान राखणारा म्हणून मी त्यास आपलाच मानतो.

आपल्या हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतील ड्रिग रोड येथे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. विमाने अवघी चार, वापिटी जातीची. त्यांची देखभाल करणाऱ्या मूठभर हिंदी तरुणांना ‘हवाई शिपाई’ म्हणत. त्यांपैकीच एक सरदार हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लागन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या या तरुणाने शिपायाचा दर्जा पत्करला आणि हाती पाना घेतला.

जमिनीवरील हे काम कसले होते? फिटर इंजिनाची तपासणी करी, रिगर पंख, तारा आणि कापडी आच्छादन पाही, आर्मरर शस्त्रास्त्रे सज्ज ठेवी. एखादी चाकी ढिली राहिली तर तिची किंमत वैमानिकाला प्राणांनी मोजावी लागे.

पुढे युद्ध आले. मुंबई इलाख्यातील लोकांच्या देणग्यांतून या स्क्वाड्रनला लायसँडर विमाने मिळाली. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी ते ब्रह्मदेशातील टाउंगू येथे पोहोचले, तोच जपान्यांनी त्या तळावर बाँब टाकले. लायसँडर हे मूळचे टेहळणीचे विमान. तथापि त्यावर २५० पौंडांचे दोन बाँब चढवून स्क्वाड्रनप्रमुख मजुमदार शत्रूच्या तळावर चालून गेले. मजुमदारांच्या शौर्याचा गौरव झाला, तो योग्यच होता. पण ते विमान उडण्याजोगे ठेवणारे हात जमिनीवर होते, आणि त्या हातांचे पुढारी होते वॉरंट ऑफिसर हरजिंदर सिंग. त्याच वर्षी ते अधिकारी झाले.

स्वातंत्र्यानंतर कानपूर येथे परकीयांनी जाणूनबुजून मोडून टाकलेल्या लिबरेटर विमानांचा ढीग पडला होता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या आणि हवाई दलाच्या कारागिरांनी त्या भंगारातून विमाने पुन्हा उभी केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांवर आपले बाँबफेकी स्क्वाड्रन उभे राहिले, आणि ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत राहिली. हरजिंदर सिंग पुढे देखभाल विभागाचे प्रमुख व एअर व्हाइस मार्शल झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १ नोव्हेंबर १९६१ रोजी, कानपूरला जुळणी झालेले पहिले अ‍ॅव्हरो विमान आकाशात झेपावले. १९७१ साली ते निवर्तले.

बंधूंनो, ही कथा आज सांगण्यास कारण आहे. आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे यंदा एका मुलाचा अर्ज आला. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेण्यासाठी त्यास साह्य हवे होते. “हे काही उच्च शिक्षण नव्हे,” असे म्हणून तो अर्ज बाजूस ठेवण्यात आला. ते शब्द माझे होते. ज्याच्या वाडवडिलांनी ऐरणीवर घाम गाळला आणि ज्याची चूल लेथवर पेटली, त्याच्याच तोंडून ते निघाले! घरी जाऊन मी माझे हात पाहिले, आणि मला लाज वाटली.

पदवीचा मी द्वेष करीत नाही. आपली मुले-मुली खुशाल डॉक्टर व्हावीत, वकील व्हावीत. परंतु हाताने काम करणारा मुलगा मागे पडला, असे आपणच मानू लागलो, तर इतरांनी त्यास मान द्यावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

यास्तव माझी नम्र सूचना अशी की, आपला शिष्यवृत्ती निधी कारागिरीचे शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींनाही खुला करावा आणि तो अर्ज पुन्हा विचारात घ्यावा. पहिली वर्गणी माझी. ती मी आताच अध्यक्षांच्या हाती देत आहे.