लेकरापाशी मोकळ्या हातांचं माणूस हवं

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या अंगणवाडी सेविका, मदतनीस, पर्यवेक्षिका, पाळणाघरं चालवणाऱ्या भगिनी आणि मित्रहो,

धारणी-चिखलदऱ्याहून घाट उतरून आणि अकोट, तेल्हारा, दर्यापूरहून दोन-दोन एसट्या बदलून तुम्ही या संमेलनाला आला आहात. आजचा विषय तुमच्या रोजच्या कामाचा आहे: सहा वर्षांखालचं लेकरू आपल्या ताब्यात असताना त्याचं आरोग्य आणि त्याचा जीव कसा जपायचा.

या कामाशी वऱ्हाडाचं नातं जुनं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या. पुढं १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र काढलं आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडी थेट आदिवासी पाड्याच्या अंगणात नेली. पोरांचे हातपाय धुणं, नखं आणि केस पाहणं हा तिथं शिक्षणाचाच भाग होता. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा त्यांतला एक प्रकल्प आपल्या धारणीचा होता. मेळघाटाचं नाव निघालं की कुपोषणाची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते लेकरू धोक्यात आहे, हे आज मेळघाटातली प्रत्येक सेविका जाणते. ही नजर आपण कमावली आहे. आता तीच नजर लेकराच्या भोवतालाकडं वळवायची आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच. लेकरू सुरक्षित राहतं, कारण त्याच्याजवळ हात मोकळे असलेलं एक मोठं माणूस असतं. इमारत, साहित्य, नियम हे सगळं हवंच. पण ते माणूस तिथून उठलं, की बाकीचं सगळं लंगडं पडतं.

दोन घटना आठवा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत दुपारचं जेवण शिजत असताना गवती छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं, कपाशीवर फवारलं जायचं तेच.

या दुसऱ्या घटनेपाशी वऱ्हाडानं थांबलं पाहिजे. मोनोक्रोटोफॉस आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ती धडधाकट माणसं होती. दहा-बारा किलोच्या लेकराची काय कथा! रिकामी झालेली औषधाची कॅन फेकून देणं जिवावर येतं. ती धुतली जाते, तिच्यात रॉकेल किंवा तेल भरलं जातं, कधी वावरात प्यायचं पाणी नेलं जातं. म्हणून अंगणवाडीत जुन्या कॅनला प्रवेश नको. तेल येईल ते बंद पाकिटातून. आणि गरम ताजा आहार पोरांच्या ताटात पडण्याआधी मोठ्या माणसानं स्वतः खाऊन पाहावा, थोडं थांबावं, मगच वाढावा. वास वेगळा आला तर अख्खं भांडं बाजूला ठेवायचा अधिकार मदतनीसताईंचा आहे. त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी लागू नये.

पाण्याचंही तसंच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. साठवलेलं पाणी हेच तिथलं पाणी. म्हणून माठ झाकलेला, लांब दांड्याचं ओगराळं आणि जेवणाआधी साबणानं हात धुणं, एवढं चुकता कामा नये. पोट बिघडलेल्या लेकराला लिटरभर स्वच्छ पाण्यात एक पाकीट ओआरएस द्यायचं, उरलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस चालू ठेवायच्या. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळी बंद करणाऱ्या मायला हे समजावणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार? आणि ज्या गावात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे तिथं त्याला कुंपण आहे का, हे ग्रामसभेत उठून विचारा. त्या निसरड्या काठावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

आमच्या अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढं जातो. टिनाच्या छपराखाली दुपारी लेकरं बसवणं हा त्यांच्या जिवाशी खेळ आहे. एकाच खोलीत सिलिंडर, शेगडी आणि पंचवीस पोरं हाही तसाच खेळ. शेगडी वेगळ्या खोलीत हवी आणि पोरांना बाहेर पडायची वाट कायम मोकळी हवी.

एक विषय बोलायला जड जातो, तरी बोललं पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि महाराष्ट्र हादरला. लेकराला शौचाला नेणारी व्यक्ती ओळखीची आणि जबाबदार असावी, ती दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेआड नसावी. लेकरू काही सांगू लागलं तर मधे न बोलता ऐकावं. संशय आला तर कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. गावाची अब्रू हे गप्प राहण्याचं कारण होऊ शकत नाही. १०९८ हा क्रमांक प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत हवा.

आता मोकळ्या हातांचा प्रश्न. शौचाला एकीनं नेलं, तर उरलेल्या पोरांपाशी दुसरी हवी. सेविका मोबाईलवर माहिती भरत असते, सर्वेक्षणाला निघते, बैठकीला जाते. मदतनीस त्याच वेळी स्वयंपाकात असते. त्या घटकेला लेकरांकडं कोण पाहतं? माझी शासनाला आग्रहाची विनंती आहे: मुलं हजर असण्याच्या वेळेत सेविकेला दुसरं कोणतंही काम सांगू नका आणि मदतनिसाचं एकही पद रिकामं ठेवू नका. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावं, अशी तरतूद २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं केली. मेळघाटात झाडाला झोळी बांधून माती खोदणाऱ्या मायला तो हक्क मिळाला पाहिजे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ पासून पाळणाघर बंधनकारक आहे. आपल्या शहरांतल्या कारखानदारांनीही ते मनावर घ्यावं.

शेवटी या संमेलनासमोर एक ठराव ठेवतो. कुंभकोणम आणि गंडामन या दोन्ही घटनांची तारीख १६ जुलै. त्या सुमारास आपल्याकडं पेरण्या आटोपलेल्या असतात, फवारणीचे दिवस तोंडावर असतात, जुलाबाची साथ आणि साप-विंचवाचं भय असतं. दरवर्षी त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक अंगणवाडीत आणि पाळणाघरात सरपंच, आशाताई आणि चार मायांनी मिळून स्वयंपाकाची जागा, तेलाचा डबा, पाण्याचा माठ, दार, शौचालय आणि औषधाची पेटी तपासावी. जे कमी असेल ते लिहून त्याखाली सरपंचाची सही घ्यावी आणि महिन्याभरात ते पुरं झालं का, हे पर्यवेक्षिकेनं पाहावं. यासाठी नवा निधी लागत नाही आणि कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आपण हा ठराव एकमतानं मंजूर करावा आणि येत्या १६ जुलैपासूनच अमलात आणावा, ही विनंती करून मी थांबतो.