भयमुक्त प्रसूती



भयाने स्नायू ताठरतात, त्यामुळे वेदना वाढतात आणि वेदनेने भय दुणावते, असा विचार इंग्रज प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात मांडला. हे चक्र तोडण्यासाठी पुढे संमोहनाचाही आधार घेतला गेला. गर्भवती स्त्री दीर्घ श्वसन, शिथिलीकरण व स्वयंसूचना यांचा सराव आधीपासून करते. या अवस्थेत ती बेशुद्ध नसते, सावधच असते.

२०१६ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार संमोहनामुळे वेदनाशामकांचा वापर काहीसा घटू शकतो; नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढल्याचे मात्र स्पष्ट दिसत नाही. म्हणूनच शस्त्रक्रिया करावी लागली, तर तो मातेचा पराभव मानू नये.

घरातील वडीलधाऱ्यांनी बाळंतपणाच्या भीतिदायक कथा टाळाव्यात. संमोहनतज्ज्ञ दूर असेल. धीराचा शब्द घरातच आहे.