घाटावरचा पाहुणा आणि तेरणाकाठचा शेतकरी
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात बोलायचे म्हटले की विषय बहुधा बियाण्याचा, खताचा किंवा रोगकिडीचा असतो. आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. पावसाळ्यात व हिवाळ्यात सोलापूर, लातूर, बार्शीकडून कितीतरी गाड्या बालाघाटाच्या डोंगरात येतात. लोक तुळजापूरला दर्शन घेतात, रामलिंगला धबधबा पाहतात, काही जण तेरला गोरोबाकाकांच्या समाधीवर डोके ठेवतात आणि संध्याकाळी परत जातात. चहा ते रस्त्यावर पितात, जेवण हॉटेलात करतात. आपल्या शेताच्या बांधावर मात्र त्यांचे पाऊल पडत नाही. हे पाऊल बांधावर कसे पडेल, आणि पडण्यापूर्वी आपण काय सांभाळले पाहिजे, एवढेच आज सांगायचे आहे.

वाटेवर काय आहे

पाहुण्याला दाखवायचे तर आधी आपण पाहिले पाहिजे. आपल्यापैकी कितीजणांनी हा सारा रस्ता पाहुण्याच्या नजरेने पाहिला आहे? एक दिवस काढा आणि घरच्यांना घेऊन जा.

सोलापूरकडून घाट चढून तुळजापूरला आले की आपण बालाघाटावर येतो. ही डोंगररांग म्हणजे पाण्याची वाटणी करणारा मोठा बांध आहे. एका अंगाला पडलेले पाणी तेरणेतून मांजरेला व पुढे गोदावरीला मिळते. दुसऱ्या अंगाचे पाणी सीना, बोरी या नद्यांतून भीमेला व पुढे कृष्णेला जाते. शहरातून आलेल्या मुलाला घाटमाथ्यावर उभे करून एवढे सांगितले तरी तो ते जन्मभर विसरणार नाही. हे सांगायला पुस्तक लागत नाही, आपल्याला ते उताराच्या पाण्यावरून ठाऊक असते.

धाराशिव शहराजवळ डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. पुढे राष्ट्रीय महामार्गावर येडशी लागते. तेथून जवळच रामलिंगचे देऊळ खोल दरीत आहे. रावणाशी लढताना जटायू येथे पडला अशी कथा सांगतात. पावसाळ्यात दरीत धबधबा वाहतो आणि भोवतालचे रान हिरवेगार होते. हा परिसर १९९७ पासून येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून राखलेला आहे. एरवी उघड्या पडलेल्या आपल्या डोंगरांत, चराई व तोड थांबली तर काय उगवते, हे पाहायचे असेल तर ते येथे पाहावे.

घाट उतरून तेरणेच्या खोऱ्यात आले की काळ्या जमिनी, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा व उसाचे फड दिसू लागतात. तेरजवळ तेरणा मध्यम प्रकल्पाचे पाणी आहे. आणि मग येते तेर.

तेरचे मोठेपण

तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर असा आहे. तगरहून साधे कापड, मलमल असा माल बैलगाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे व तेथून जहाजाने पुढे. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये मांडले.

गावातील त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंमध्ये त्याची गणना होते. उत्तरेश्वर व कालेश्वर ही देवळेही विटांचीच. नदीकाठी संत गोरोबाकाकांचे मंदिर आहे. थापटण्याने संतांची मडकी तपासणारे काका याच गावचे. चैत्र वद्यात त्यांची यात्रा भरते.

आणि तेरचे वस्तुसंग्रहालय. येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून ते उभे राहिले व आज शासनाकडे आहे. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, भांडी तेथे पाहायला मिळतात. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळाली आहे. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तेरणाकाठ आणि इटली यांचा व्यवहार तेव्हापासूनचा आहे.

मंडळी, लामतुरे यांनी या वस्तू बाजारातून आणल्या नाहीत. तेर व परिसरातूनच त्या मिळाल्या. पाऊस पडून गेल्यावर टेकाडावर मणी उघडे पडतात, नांगराच्या फाळाला वीट लागते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पांढरीची माती

येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. आपण काळी आणि पांढरी असे शब्द वापरतो. काळी म्हणजे पीक देणारी जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती शेतात टाकली की पीक जोमाने येते, म्हणून महाराष्ट्रभर ती वर्षानुवर्षे गाड्या भरून नेली गेली. माळवदावर टाकायलाही नेली गेली. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. त्या मातीत शेकडो वर्षांची राख, शेण व हाडे कुजलेली असतात, म्हणून तिच्यात स्फुरद व चुना जास्त असतो.

पण हिशोब करून पाहा. एक गाडी माती दोन-तीन हंगाम पीक वाढवील. त्या मातीबरोबर जो थर गेला तो पुन्हा येणार नाही. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, यावरून अभ्यासक काळ ठरवतात. थर विस्कटला की हाती उरते ती नुसती खापरी. मग पाहुण्याला आपण काय दाखवणार? टेकाड सपाट झाले तर तेर हे इतर कोणत्याही गावासारखे एक गाव होईल.

स्फुरद पाहिजे असेल तर मातीपरीक्षण करून शिफारशीप्रमाणे खत द्या. शेणखत, कंपोस्ट वापरा. उन्हाळ्यात तलावातला गाळ मिळत असेल तर परवानगीने आणा, मात्र चोपण जमिनीत टाकण्यापूर्वी तो तपासून घ्या. टेकाडाला हात लावू नका.

नांगरताना जुनी नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडली तर ती लपवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात लेखी कळवा व पोच घ्या. वस्तू घासून पुसून चकचकीत करू नका, आहे तशी ठेवा. गावात दलाल फिरत असतील तर त्यांना दूर ठेवा. ते एका नाण्याचे शंभर रुपये देतील आणि गावाचा इतिहास घेऊन जातील.

आपली येळवस हेच आपले पर्यटन

आता पाहुण्याकडे वळू. शेतावर पाहुणे बोलावून खाऊ घालणे ही कल्पना कोणी बाहेरून आणून आपल्याला शिकवावी अशी नाही. वेळ अमावस्या, आपली येळवस, ही दुसरे काय आहे? मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव-लातूर भागात गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे, खीर असा बेत असतो. पुण्या-मुंबईला गेलेली मुले त्या दिवशी परत येतात. ओळखीचा असो नसो, बांधावर आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही.

येळवशीचे जेवण विकायचे नाही. तो सण आहे. तसेच गोरोबाकाकांच्या दर्शनाला पायी आलेला वारकरी हा गिऱ्हाईक नव्हे. त्याला पाणी व भाकरी देणे हा या गावाचा धर्म आहे आणि तो तसाच राहावा. पण गाडी करून सहलीला आलेल्या कुटुंबाला तसाच अनुभव दाम घेऊन द्यायला काहीच हरकत नाही. त्यासाठी आपल्याकडे सर्वांत सोपी गोष्ट आहे ती हुरडा.

पाच-सहा गुंठे हुरड्यासाठी वेगळे ठेवा. राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ किंवा परभणीच्या विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे वाण हुरड्यासाठीच आहेत. घरचे गोड वाण असेल तर तेही चालेल. हुरड्याची अवस्था थोडेच दिवस टिकते, नंतर दाणे कडक होतात. म्हणून सगळी पेरणी एकदम करू नका. सप्टेंबरअखेरपासून दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन तुकड्यांत पेरा, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत कोवळी कणसे मिळत राहतील. पाखरांची राखण करावी लागेल, ते गृहीत धरा. या तुकड्यावर व ढाळ्याच्या हरभऱ्यावर दाणे भरताना कीटकनाशक मारू नका. पाहुणे कणीस थेट आगटीतून खातात, हे विसरू नका.

सुरुवात कशी करावी

१) खोल्या बांधण्यासाठी कर्ज काढू नका. पहिले वर्ष फक्त दिवसाच्या सहली घ्या. चार कुटुंबे समाधानाने परत गेली तर ती आणखी चौघांना पाठवतील.

२) पिण्याचे पाणी स्वच्छ ठेवा. बायकांसाठी बंद, पाणी असलेला संडास हवा. हा नसेल तर पाहुणे बोलावूच नका. शहरातील कुटुंब जेवणातली उणीव विसरते, ही उणीव विसरत नाही.

३) विहिरीला कठडा किंवा कुंपण करा. मारका बैल, उघडे वीजजोड, औषधांचे डबे पाहुण्यांपासून दूर ठेवा. सर्पदंशावर उपचार असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची माहिती घरात सर्वांना असावी.

४) जेवण आपलेच द्या. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. आपली उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली जात आहे. तिची करडे पाहायला मुलांना आवडते. भूमकडचा खवा प्रसिद्ध आहे. दुधावर घरीच प्रक्रिया केली तर हाती किती पडते, ते त्या भागाने दाखवले आहे. पाहुण्याबरोबर डाळ, शेंगा, गूळ परत गेला तर जेवणापेक्षा त्यातच जास्त मिळेल.

५) वही ठेवा. ज्वारी, जळण, दूध, मजुरी, राखण यांचा खर्च लिहा. घरचे आहे म्हणून फुकट धरू नका. विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या बायकांची मजुरी लिहा आणि ती त्यांच्याच हातात द्या. बचत गटाने हे काम घेतले तर फारच चांगले. बाईच्या अंगावर काम आणि गड्याच्या खिशात पैसा, असे झाले तर हा धंदा दुसऱ्या वर्षी बंद पडेल.

६) जम बसल्यावर नोंदणीचा विचार करा. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी त्यात बसतो. अटी व शुल्क अर्ज करताना विचारून घ्यावे.

७) दोन-तीन तरुणांनी संग्रहालय व देवळांची माहिती नीट करून घ्यावी. खरे तेवढेच सांगावे. येथे सोन्याचा धूर निघत होता असल्या बढाया नकोत. तेरचे खरे तेवढेच पुरेसे मोठे आहे.

शेवटचे दोन शब्द

यातून सर्वांचे कल्याण होईल असे मी म्हणत नाही. आपला पाऊस बेभरवशाचा आहे. ज्या साली ज्वारीच उगवली नाही, त्या साली हुरडाही नाही. हे जोडउत्पन्न आहे, मुख्य शेती नव्हे. पण आडसालात चार पैसे देणाऱ्या शेळ्या-कोंबड्यांसारखे ते एक साधन आहे आणि त्याला लागणारे भांडवल आपल्या शिवारात आधीच पडलेले आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी या काठचे कापड बैलगाडीतून घाट ओलांडून परदेशी गेले. त्या विणकरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण गावाचे नाव राहिले. ते टेकाडातल्या मातीने राखले आहे. ती माती जागेवर ठेवणे हे आपल्या हातातले काम आहे. पुढच्या रविवारी घरच्या मुलांना घेऊन आधी आपलेच संग्रहालय पाहून या. घरचे लेकरू जे आवडीने सांगेल, तेच पाहुणा आवडीने ऐकेल.